एकाच लॉटच्या गोळ्या

९ मार्च, रविवार

हे ऑफिसात कुणाशी बोलता येणार नाही आणि पुण्याला आईला तर अजिबातच सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. सकाळी नाश्त्याला वल्लरी म्हणाली, गोळ्या संपत आल्यात, या वेळी मोठा साठा घ्यावा लागेल. मी पोहे खाता खाता विचारलं, बीपीच्या का? आमची मुलगी मैत्रेयी टेबलावर डोकं टेकून हसत सुटली.

माझी बायको रायफल चालवते. वाक्य लिहून बघितलं. अजूनही ओळखीचं वाटत नाही. इथं जर्मनीत, आमच्या इंगोलश्टाटच्या कडेला, नेमबाजीचा एक जुना फेराईन, म्हणजे क्लब, आहे. मैत्रेयी शाळेत नवी होती तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं वल्लरी तिथं गेली आणि मग जातच राहिली. लग्नाआधी कोल्हापूरला एनसीसीत ती थोडंफार शूटिंग करायची, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, बाहेर पडायला बरं आहे. आता ती, ट्राउड्ल हिर्शबेकबाई आणि श्टेफी नावाची एक नर्स अशी तिघींची टीम आहे, आणि उन्हाळ्यात लीगचे सामने आहेत.

गोळ्यांचं तिनं मला समजावून सांगितलं. कारखान्यात एका वेळी बनलेल्या गोळ्यांचा एक लॉट. दिसायला सगळे लॉट सारखे, पण एकेका रायफलीच्या नळीला एखादाच मानवतो. तो शोधून काढायचा आणि मिळेल तेवढा उचलायचा, कारण तो पुन्हा बनत नाही. "लोकरीसारखं आहे," ती म्हणाली. "अर्धा स्वेटर झाल्यावर दुसऱ्या लॉटची लोकर आणली की फसतं."

लोकरीची खरेदी कुठं नोंदवली जात नाही, असं मी म्हटलं नाही. माझं कामच हे आहे. आमच्या कंपनीच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यांत रस्त्यावरची माणसं येतात. त्यांचे चेहरे पुसले जातात की नाही, माहिती कुणाकडे जाते, किती काळ राहते, हे मी बघतो. घरी मला 'हेर डाटनशुट्झ' म्हणतात, म्हणजे श्रीयुत खासगीपणा. आणि आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेल्या वर्षापासून पालिकेत पडून आहे. तो तसा पडलेला असताना एका भारतीय कुटुंबाच्या नावावर हजारो गोळ्या. ऑर्डनुंग्सआम्टमधल्या, म्हणजे पालिकेच्या शस्त्रपरवाने बघणाऱ्या खात्यातल्या, कुणाच्या तरी स्क्रीनवर ते कसं दिसेल?

११ मार्च, मंगळवार

मोठं पोलादी कपाट आलं. दोन माणसांनी धापा टाकत वर आणलं आणि सामानाच्या खोलीत भिंतीला ठोकलं. आकड्यांचं कुलूप आहे. मी सहज विचारलं, नंबर काय ठेवलास?

"तो तुला सांगता येत नाही."

मला वाटलं चेष्टा. पण कायदाच तसा आहे. परवाना तिचा, म्हणून कपाट फक्त तिनंच उघडायचं. नवऱ्याला नंबर कळला तर तिचा परवाना जातो. मैत्रेयीला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ती खोलीतूनच ओरडली, "पापा, दास इस्ट गेझेट्स!" कायदा आहे म्हणे.

माझ्या बँकेचा, फोनचा, ऑफिसच्या लॉकरचा नंबर वल्लरीला माहीत आहे. मला त्याचं काही वाटत नाही. रागावलोही नाही. आज नेमकी भूक नव्हती, इतकंच.

१४ मार्च, शुक्रवार

सुट्टी काढून तिला गोळ्यांच्या कारखान्यात घेऊन गेलो. दोन तासांचा रस्ता. तिथं लांबलचक बोगद्यासारखी खोली आहे. एका माणसानं तिची रायफल शिकंज्यात घट्ट बसवली, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष उरत नाही, आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून बघायला सुरुवात केली. स्क्रीनवर भोकं उमटत होती. पहिल्या काही लॉटना ती नुसती मान हलवायची. मला सगळी भोकं सारखीच दिसत होती.

मग एक लॉट असा आला की भोकं एकमेकांवर पडत गेली. शेवटी एकच भोक झालं, जरा मोठं, कडा मात्र नीट. तो माणूस "ना आल्झो", म्हणजे 'बघा, सापडला', म्हणाला आणि हसला. वल्लरी स्क्रीनकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. हा चेहरा मी पूर्वी कधी पाहिलाय ते आठवेना. मैत्रेयीच्या जन्माच्या वेळी? तेव्हाही नाही. तेव्हा थकलेली होती.

त्या लॉटचा सगळा माल त्यांनी तिच्या नावानं राखून ठेवला, पण थोडेच दिवस. परतीच्या वाटेवर ती गुणगुणत होती. मी नागरिकत्वाच्या अर्जाचा विचार करत होतो, म्हणून सूर कुठला याकडे लक्ष गेलं नाही.

१६ मार्च, रविवार

बोललो एकदाचा. म्हटलं, खरेदी कर, पण पासपोर्ट हातात आल्यावर. मुद्दे काढूनच ठेवले होते: कोण कुठल्या नोंदी एकत्र करून बघेल सांगता येत नाही. पार्सलवर धोक्याचं लेबल असतं, ते शेजारी बघतील. एकदा नोंद झाली की ती पुसता येत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुला नक्की भीती कशाची वाटते?"

मी मुद्दे पुन्हा सांगितले.

"बरं. थांबते," ती म्हणाली आणि मैत्रेयीचा शर्ट इस्त्रीला घेतला. वाद नाही, काही नाही. प्रश्न मिटला. इतकी समजूतदार बायको मिळणं हे नशीबच. शर्टाची एकच बाही ती बराच वेळ इस्त्री करत होती.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

बाल्कनीत गुढी उभारली. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी दरवर्षीप्रमाणे हात हलवला.

मग कोल्हापूरला व्हिडिओ कॉल. माझे सासरे, वासुदेव पाटील, एनसीसीत रेंजवर शिकवायचे. आता वय झालंय, फिरणं बंद आहे. त्यांच्याशी बोलताना वल्लरीची भाषाच बदलते. मी स्वयंपाकघरात श्रीखंड वाढत होतो. बाबांनी लॉटचं विचारलं असावं.

"घेटला न्हाई अजून. बघू," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "त्या कॅम्पच्या वेळी बी असंच बघू म्हणाली हुतीस."

ती "ते कशाला आता" म्हणून विषय बदलून गेली. जेवताना मी विचारलं, कुठला कॅम्प? म्हणाली, जाऊ दे रे, लग्नाच्या वर्षी राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं होतं, जमलं नाही. मला हे ठाऊक नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल. तेव्हा मला जर्मनीत येनातल्या एका लेन्सच्या कंपनीत नुकतीच नोकरी लागली होती, तिकिटं काढून झाली होती, सगळी धांदल. दोन्ही एकाच वेळी यावं, हा योगायोग.

श्रीखंड जास्त झालं. वल्लरीनं दुसऱ्यांदा घेतलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

लॉट गेला. कारखान्याचा मेल आला, मुदत संपली आणि सगळा माल एका दुसऱ्या ग्राहकानं घेतला. वल्लरीनं मेल वाचला, फोन पालथा ठेवला आणि सरावाला निघून गेली.

घरात मला बसवेना. कारखान्याला फोन लावला. म्हटलं, कुणी घेतला तेवढं सांगा, मी त्यांच्याशी बोलतो, थोडा तरी देतील. पलीकडची बाई अतिशय नम्र होती. म्हणाली, ग्राहकाचं नाव सांगता येत नाही, डाटनशुट्झ. मी अडून बसलो तर तिनं मला नियम वाचून दाखवला. तो नियम मी ऑफिसात दर महिन्याला लोकांना शिकवतो. तिनं बरोबर वाचला.

संध्याकाळी ट्राउड्लबाई वल्लरीला सोडायला आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, बोलणं पक्कं बायरिश, इकडच्या बोलीतलं. दारातच मला म्हणाल्या की सेपच्या शिकारीच्या बंदुका अखेर विकून टाकल्या, व्यापारी येऊन घेऊन गेला. सेप म्हणजे त्यांचे नवरे, वारून काही वर्षं झाली. त्या बंदुकांना त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी म्हटलं, बरं केलंत, कधीतरी आवरावंच लागतं. त्या माझ्याकडे जरा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जा मेई, चालायचंच. कपाटात जागा लागत होती." या वयात लोकांना आवराआवरीची हुक्की येते.

१३ एप्रिल, रविवार

ट्राउड्लबाईंकडे कॉफी आणि केक. मैत्रेयी आली नाही, तिची परीक्षा आहे. गप्पा सुरू होत्या, तेवढ्यात ट्राउड्लबाईंनी केकचा दुसरा तुकडा वल्लरीच्या ताटलीत ठेवला आणि हवापाण्याविषयी सांगावं तसं सांगितलं.

"तुझा लॉट माझ्याकडे आहे. सगळाच्या सगळा. तुझ्या नवऱ्याला थोडा वेळ लागतोय, तेवढं मी ओळखलं. तो तयार झाला की घेऊन जा."

मला आधी अर्थच लागला नाही. मग बंदुका, कपाट, जागा हे सगळं एकदम लागलं आणि कपात बघत राहिलो. त्या बंदुकांजवळ ही बाई इतकी वर्षं कुणाला फिरकू देत नव्हती. त्या विकून तिनं माझ्या बायकोच्या गोळ्या ठेवल्या, आणि मी तिला म्हटलं होतं, बरं केलंत आवरलंत.

वल्लरीचे डोळे पाणावले होते. एप्रिलमध्ये इथं परागकणांचा त्रास सगळ्यांनाच होतो. पण मग तिनं ट्राउड्लबाईंचा हात धरला आणि सोडलाच नाही, तेव्हा म्हटलं, ते नसावं.

गाडीत मी म्हटलं, आपण आजच घेऊन गेलो असतो. ती म्हणाली, "तू तयार झालास की." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल, गुरुवार

अर्धी सुट्टी घेऊन पालिकेत गेलो. वल्लरीला सांगितलं नाही. नागरिकत्वाच्या खात्यातल्या बाईंना सरळच विचारलं: माझ्या बायकोकडे शस्त्रपरवाना आहे, तिला बऱ्याच गोळ्या घ्यायच्यात, आमच्या अर्जावर याचा परिणाम होईल का?

बाईंनी चष्मा वर केला. "तुमच्या पत्नीकडे परवाना आहे, म्हणजे त्यांची चौकशी आमच्या आधीच होऊन गेली आहे, आणि पुन्हा पुन्हा होत राहते. तुमच्या घरात सगळ्यात जास्त तपासलेली व्यक्ती त्याच आहेत." मग स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अर्ज अडलाय तो तुमच्यामुळे. आम्हाला एक साधी गोष्ट विचारायची होती. पण तुम्ही फोन नंबरच दिलेला नाही."

नव्हता दिला. गरज नसेल तिथं नंबर द्यायचा नाही, हे माझं तत्त्व.

साधी गोष्ट विचारून झाली, नंबर देऊन झाला. बाहेर पायऱ्यांवर बसलो. दीड महिना ज्या स्क्रीनला घाबरत होतो ती एका कंटाळलेल्या बाईसमोर होती, आणि तिच्यावर वल्लरी स्वच्छ होती. मग मला भीती कशाची होती? वल्लरीनं विचारलं होतं तेव्हा उत्तर दिलंच नाही, नुसते मुद्दे दिले.

उत्तर असं असावं. त्या कारखान्यात ती एका भोकाकडे बघून जशी दिसत होती, तशी ती माझ्याकडे बघून दिसेल का, याची मला खात्री नाही. हे तिला सांगणार नाही. इथं लिहिलं तेवढं पुरे.

घरी जाऊन म्हटलं, शनिवारी ट्राउड्लबाईंकडे जाऊ या का? तिनं भाजी चिरणं थांबवलं. म्हणाली, श्टेफीचे पण पैसे आहेत त्यात, तिलाही विचारते. मग पुन्हा चिरायला लागली. पण गुणगुणत होती.

१० मे, शनिवार

गोळ्या घरी आल्या. श्टेफीच्या ड्यूट्यांमुळे जरा उशीर झाला. खोकी लहान पण विलक्षण जड. वाटेत बेकरी लागली. वल्लरीला ब्रेत्झेल खायचं होतं, पण ती उतरली तर मी गोळ्यांसोबत एकटा उरतो, आणि परवाना नसलेल्याला ते चालत नाही. म्हणून मी उतरलो आणि ती खोक्यांपाशी बसून राहिली. परत आलो तर म्हणाली, "बघ, पहिल्यांदाच कुणीतरी तुझ्यावर संशय घेतंय, माझ्यावर नाही." दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी.

तिनं कपाट उघडलं तेव्हा मी आपणहून खोलीबाहेर गेलो. पॅसेजमध्ये उभा असताना आकड्यांच्या बटणांचा आवाज ऐकू आला, तर मैत्रेयीशी मोठ्यानं बोलायला लागलो. तिला वाटलं, पापाला वेड लागलं.

२१ मे, बुधवार

बाबांना पक्षाघाताचा झटका आला. वल्लरी दुपारच्या ट्रेननं म्युनिकला आणि तिथून विमानानं गेली. स्टेशनवर मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, मैत्रेयीची शाळा आहे, तू इथंच राहा. रायफल आणि गोळ्या कपाटात आहेत, मी येईपर्यंत त्या खोलीत जायचं काही कारण नाही. ट्रेन सुटताना काच खाली होत नव्हती. ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

३ जून, मंगळवार

बाबा आता स्थिर आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं जड आहे, पण बोलतात.

आज घरून काम करत होतो, तर बेल वाजली. ऑर्डनुंग्सआम्टचे दोघं, एक वयस्क बाई आणि एक दाढीवाला माणूस. शस्त्रं कशी ठेवलीत ते बघायला न कळवता येतात, हे वल्लरीनं सांगितलं होतं. ती नसताना येतील, हे कुणी सांगितलं नव्हतं. आधी त्यांची ओळखपत्रं बघितली, मग काय काय नोंदवणार ते विचारलं. बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. मी त्यांना कपाटापाशी नेलं.

"उघडता का जरा?" बाईंनी विचारलं.

"मला नंबर माहीत नाही."

"अंदाज?"

"नाही."

"तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

सांगितलं. दाढीवाला हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर. असंच असायला हवं." अर्ध्या घरांमध्ये नवरा नाहीतर बायको अभिमानानं उघडून दाखवतात, म्हणाल्या, आणि मग परवाना जातो. तुमच्या पत्नी आल्या की पुन्हा येऊ. जाताना दाढीवाल्यानं माझ्याशी हात मिळवला.

दार लावून तिथंच उभा राहिलो. मार्चमध्ये त्या नंबरावरून माझी भूक गेली होती. आज तो मला माहीत असता तर मी नक्की उघडून दाखवलं असतं, मदत म्हणून. तिनं तेव्हा मला नंबर न सांगून स्वतःला सांभाळलं, असं मला वाटलं होतं. मलाही सांभाळलं होतं.

वल्लरीला फोन केला. ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होती. सगळं सांगितल्यावर ती इतकी हसली की नर्सनं हटकलं. मग हसता हसता रडायला लागली. म्हणाली, बाबा रोज विचारतात, सामना कधी हाय, मग हितं काय करतीस. मी काय सांगू त्यांना?

मी म्हटलं, सांग की येतेस. मी बाबांना सामना दाखवीन, फोनवरून. ते माझ्याकडे लागलं.

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "तू? रेंजवर फोन काढून उभा राहशील? एवढ्या लोकांत?"

"राहीन."

२९ जून, रविवार

सामना संपवून आताच घरी आलोय. खांदा भरून आलाय, पण आजच लिहितो.

सकाळी लवकर पोचलो आणि रेंजवर ज्या ज्या व्यक्ती फ्रेममध्ये येऊ शकतील त्या सगळ्यांना विचारत फिरलो: माझे सासरे भारतात अंथरुणावर आहेत, त्यांना हा सामना बघायचाय, रेकॉर्डिंग करणार नाही, तुमची हरकत आहे का? फेराईनच्या अध्यक्षांनी खांद्यावर थाप मारली. समोरच्या टीममधली एक बाई मात्र नको म्हणाली. तो तिचा हक्क आहे. म्हणून मला भिंतीला पाठ लावून, फोन तिरका धरून असं उभं राहावं लागलं की वल्लरी दिसेल आणि ती बाई दिसणार नाही. मैत्रेयी माझ्या शेजारी थांबली आणि माझा कोन चुकला की कोपर ढकलायची.

वल्लरी मॅटवर पालथी झोपली. जाड जाकीट, एक गुडघा जरा वर, गाल रायफलीला टेकलेला. पन्नास मीटरवरचं ते लक्ष्य मला दिसतच नाही. स्क्रीनवर आकडे येतात, तेही मला वाचता येत नाहीत. मला फक्त तिची पाठ दिसत होती.

बाबांनाही तेवढंच दिसत होतं. माझ्या कानात इअरफोन होता. पहिली गोळी सुटायच्या आधी त्यांचा जड आवाज आला, "थांब... सोडला श्वास... आता." आणि गोळी सुटली.

पुन्हा, "आता." पुन्हा सुटली. सात हजार किलोमीटरवरून, अर्धं अंग गेलेला माणूस, तिच्या पाठीवरून प्रत्येक गोळी ओळखत होता. मीही बघायला लागलो. खांद्याची ती बारीकशी उतरण, मग काहीच न हलणं. बऱ्याच गोळ्यांनंतर मला ती एकदा दिसली. मनात म्हटलं, आता. आणि खरंच आता होतं.

मध्येच बाबा एकदा "अं हं" म्हणाले. तेवढी एक गोळी बाहेर गेली. बाकी त्यांना नाव ठेवायला काही मिळालं नाही.

शेवटची गोळी सुटल्यावर ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मग उठली, कानांवरची संरक्षक टोपणं काढली आणि स्क्रीनकडे न बघता मागे वळली. आधी तिला फोन दिसला, मग मी. त्या कारखान्यातला चेहरा होता. ती फोनकडे बघत असेल म्हणून मी फोन जरा बाजूला केला, तर तिची नजर फोनबरोबर गेली नाही.

ट्राउड्लबाई धावत आल्या, श्टेफी आली, तिघी मिठी मारून उड्या मारत होत्या. त्यावरून कळलं. आम्ही जिंकलो. आम्ही असं लिहिलंय, राहू दे तसंच.

कानात बाबा म्हणाले, "उत्कर्षराव, ठेवा आता फोन. हात दुखला असंल तुमचा."

मी म्हटलं, नाही बाबा, नाही दुखला. आणि ती सामान आवरेपर्यंत तसाच धरून उभा राहिलो.